सामुदायिक सभागृहातील दुपारचे मोफत चित्रपट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुपारच्या मोफत खेळांविषयी आमच्याकडे जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे बहुतेक प्रश्न प्रेक्षकांचे आहेत आणि पुढचे आपल्या सभागृहात असा उपक्रम सुरू करू इच्छिणाऱ्यांचे. दोन्ही गटांनी एकमेकांचे प्रश्नही चाळावेत, कारण प्रेक्षकांच्या निम्म्या तक्रारींची उत्तरे संयोजकांच्या प्रश्नांत आहेत. एकच मजकूर दोनदा येऊ नये म्हणून जागोजागी प्रश्नांचे क्रमांक दिले आहेत.

१. खेळ खरोखरच मोफत असतो का? दारात काही द्यावे लागते का?

खरोखरच मोफत असतो. तिकीट नाही, सभासदत्वाची अट नाही आणि दारात कोणी पावतीपुस्तक घेऊन उभे नसते. मात्र हा खेळ मोफत असतो तो प्रेक्षकासाठी. सभागृह, वीज, यंत्रसामग्री आणि चित्रपट दाखवण्याचा परवाना यांचा खर्च कोणीतरी आधीच उचललेला असतो. हे येथे सांगण्याचे कारण असे की, मोफत खेळाला सगळेच मोफत असते अशा समजुतीतून पुढचे अनेक घोटाळे होतात. त्यांची चर्चा प्रश्न १५ पासून पुढे केली आहे.

२. आधी नाव नोंदवावे लागते का? किती लवकर यावे?

नोंदणी ऐच्छिक आहे. खेळ मोफत असला की नाव नोंदवून न येणाऱ्यांची संख्या मोठी असते, म्हणून नोंदवलेली जागा खेळ सुरू होण्यापूर्वी दहा मिनिटांपर्यंतच राखून ठेवली जाते आणि त्यानंतर दारात थांबलेल्यांना दिली जाते. दरवाजे अर्धा तास आधी उघडतात. सभागृह भरल्यावर “कोपऱ्यात उभा राहतो” किंवा “घरून खुर्ची आणतो” असे सांगणाऱ्यांनाही नाइलाजाने परत पाठवावे लागते. सभागृहात किती माणसे असावीत हे जमिनीच्या क्षेत्रफळावरच ठरत नाही. अंधारात, घाईच्या वेळी, किती माणसे दारांतून सुखरूप बाहेर पडू शकतील यावरही ते ठरते. मार्गिकेत ठेवलेली एक खुर्ची हा हिशेब बिघडवते.

३. दुपारचीच वेळ का? संध्याकाळी ठेवले तर जास्त लोक येतील.

कदाचित येतील, पण ते वेगळे लोक असतील. अंधार पडल्यावर एकट्याने घरी जायला नको वाटणारे ज्येष्ठ, रात्रपाळी करणारे, मुले शाळेत गेल्यावर दोन-तीन तास मोकळे असणारे पालक आणि दिवसभर घरात एकटे असणारे, अशा सर्वांसाठी दुपार ही सोयीची वेळ असते. शिवाय बहुतेक सामुदायिक सभागृहे संध्याकाळी वर्ग, बैठका आणि समारंभ यांनी भरलेली असतात. दुपारी ती रिकामी असतात. दुपारच्या खेळाला मॅटिनी म्हणतात, तो शब्द सकाळ या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून आला आहे. शब्दाला जशी सकाळची दुपार करून घ्यावी लागली, तशी संयोजकाला दुपारची रात्र करून घ्यावी लागते. ती कशी, हे प्रश्न ९ मध्ये पाहावे.

४. दुपारी अंधारात बसले की मला झोप लागते. ही चित्रपटाची चूक की माझी?

बहुधा दोघांचीही नाही. दुपारच्या सुरुवातीला येणारी सुस्ती केवळ जेवणामुळे येते असे आपण मानतो. प्रत्यक्षात शरीराच्या चोवीस तासांच्या लयीतच त्या सुमारास एक उतार असतो आणि तो न जेवलेल्या माणसालाही जाणवतो. जड जेवण, कोंदट हवा आणि मऊ खुर्ची त्यात भर घालतात. म्हणून आम्ही खेळ एक-दोनच्या सुमारास न ठेवता तीननंतर ठेवतो आणि हवा खेळती राहील याची काळजी घेतो (प्रश्न १३). झोपलेल्या प्रेक्षकाला आम्ही उठवत नाही. घोरणे सुरू झाले तर शेजाऱ्याने खांद्याला हलकेच हात लावावा, एवढीच अपेक्षा आहे.

५. उशीर झाला तर आत सोडता का?

पहिली पंधरा मिनिटे सोडतो, पण स्वयंसेवकाबरोबर. यामागे शिस्तीपेक्षा डोळ्यांचे कारण मोठे आहे. भर दुपारच्या उन्हातून आलेल्या डोळ्यांना अंधाराची पूर्ण सवय व्हायला वीस ते तीस मिनिटे लागतात. पहिल्या मिनिटात तर पायरी, वायर किंवा कोणाचे पसरलेले पाय, काहीच दिसत नाही. स्वयंसेवक विजेरी जमिनीकडे वळवून तुम्हाला मागच्या रांगेतील राखीव खुर्चीपर्यंत नेतात. आपल्या मोबाइलचा दिवा लावून जागा शोधू नये, कारण तो प्रकाश पडद्याकडे पाहणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांत जातो. खेळ संपल्यावर दिवे हळूहळू वाढवले जातात. तोवर श्रेयनामावली पाहत बसावे आणि मगच उन्हात बाहेर पडावे.

६. लहान मुलांना आणता येईल का?

चित्रपटाला मिळालेल्या वयोगटाच्या प्रमाणपत्रानुसार आणता येईल. प्रवेश मोफत आहे आणि पालक सोबत आहेत, म्हणून वयाची अट सैल होत नाही. फार लहान बाळ रडू लागले तर थोडा वेळ बाहेर जावे; परत येण्यास कोणाची हरकत नसते.

७. मध्यंतर असते का?

दोन तासांपेक्षा मोठ्या चित्रपटाला दहा मिनिटांचे असते. अनेक चित्रपट मध्यंतराची जागा मनात धरून बनवलेले नसतात, त्यामुळे घड्याळ पाहून बरोबर मध्यावर थांबवले तर एखादे वाक्य किंवा एखादी दीर्घ शांतता मधोमध तुटते. संयोजकांपैकी एकाने चित्रपट आधी पूर्ण पाहून एखाद्या प्रसंगाच्या अखेरीची वेळ लिहून ठेवावी आणि यंत्रापाशी बसणाऱ्याने ती पाळावी. दोन तासांच्या आतल्या चित्रपटाला आम्ही मध्यंतर करत नाही, पण कोणालाही केव्हाही बाहेर जाऊन येता येते.

८. ऐकायला कमी येते, कमी दिसते किंवा व्हीलचेअर आहे. अशा प्रेक्षकांसाठी काय सोय असते?

येथे थोडे सविस्तर सांगावे लागेल, कारण ‘सबटायटल्स आहेत’ एवढ्या उत्तरावर बहुतेक ठिकाणी विषय संपवला जातो.

सबटायटल्स साधारणपणे भाषा न कळणाऱ्यासाठी असतात आणि त्यांत फक्त संवाद असतात. ज्याला ऐकू येत नाही त्याला दार वाजल्याचे, मागून हाक आल्याचे किंवा संगीत बदलल्याचेही कळायला हवे. ते लिहिलेल्या मजकुराला कॅप्शन्स म्हणतात. चित्रपटाची प्रत मागवतानाच त्या आहेत का, हे विचारावे. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांसाठी काही सभागृहांत इंडक्शन लूप, म्हणजे आवाज चुंबकीय क्षेत्रातून थेट श्रवणयंत्राकडे पोहोचवणारी तार, बसवलेला असतो. श्रवणयंत्रात तो आवाज पकडणारी छोटी गुंडाळी (टेलिकॉइल) असेल आणि यंत्र ‘टी’ स्थितीवर ठेवले, तर सभागृहातील कुजबुज व प्रतिध्वनी वगळून चित्रपटाचा आवाज थेट ऐकू येतो. न दिसणाऱ्या प्रेक्षकांसाठी श्राव्य वर्णन असते; संवादांच्या मधल्या मोकळ्या जागेत पडद्यावर काय घडते आहे हे एक आवाज सांगत राहतो आणि तो इअरफोनवरून ऐकवता येतो.

व्हीलचेअरची जागा केवळ पहिल्या रांगेच्या टोकाला ठेवण्याची पद्धत सोयीची वाटते, पण तेथून मान वर करून दोन तास पाहणे ही शिक्षा आहे. मधल्या आणि मागच्या रांगेतूनही एकेक खुर्ची काढावी आणि शेजारची खुर्ची सोबत आलेल्या व्यक्तीसाठी ठेवावी.

ज्यांना पूर्ण अंधार आणि मोठा आवाज सहन होत नाही त्यांच्यासाठी अधूनमधून वेगळा, सैल नियमांचा खेळ ठेवता येतो. त्यात दिवे मंद ठेवतात, आवाज कमी ठेवतात आणि उठणे, फिरणे किंवा बोलणे चालते. तसेच सेकंदाला तीनपेक्षा अधिक वेळा होणारी प्रकाशाची उघडझाप असलेला प्रसंग चित्रपटात असेल, तर त्याची सूचना पत्रकावर आणि दारावर द्यावी, कारण प्रकाशाला संवेदनशील असलेला अपस्मार (फेफरे) त्याने उद्दीपित होऊ शकतो.

९. आमच्या सभागृहाला मोठ्या खिडक्या आहेत. साधे पडदे लावले तर चालेल का? किती अंधार हवा?

दुपारच्या खेळाचे यश या एका प्रश्नावर ठरते, म्हणून थोडे आकडे सहन करावेत.

प्रोजेक्टर प्रकाश टाकू शकतो, काळा रंग टाकू शकत नाही. चित्रातला काळा म्हणजे जेथे प्रोजेक्टरने प्रकाश टाकला नाही तेथे दिसणारा पडद्याचा स्वतःचा रंग. आणि तो तेव्हाच काळा दिसतो जेव्हा खोलीतला प्रकाश त्यावर पडत नसतो. समजा, प्रोजेक्टरमुळे पडद्याच्या पांढऱ्या भागावर १५० लक्स प्रकाश पडतो (लक्स हे पृष्ठभागावर पडणाऱ्या प्रकाशाचे एकक). खिडक्यांतून पडद्यावर पोहोचणारा प्रकाश ५० लक्स असेल, तर पांढऱ्या भागावर २०० आणि काळ्या भागावर ५०, म्हणजे पांढरा हा काळ्याच्या फक्त चौपट उजळ. रात्रीच्या प्रसंगात चेहरे ओळखू येणार नाहीत. हाच बाहेरचा प्रकाश ५ लक्सवर आणला तर प्रमाण ३१ पट होते आणि १ लक्सवर आणला तर १५१ पट. उलट, अंधाराकडे दुर्लक्ष करून दुप्पट ताकदीचा प्रोजेक्टर आणला, तर ५० लक्सच्या खोलीत ते प्रमाण चारवरून सातवर जाईल, एवढेच. म्हणून प्रोजेक्टरच्या आधी कापड घ्यावे, हा आमचा पहिला सल्ला असतो.

साधा पडदा, कितीही जाड दिसला तरी, उन्हासमोर धरला की चमकतो. मागच्या बाजूला प्रकाशरोधक थर असलेले कापड लागते. उघड्यावर थेट उन्हाचा प्रकाश सुमारे एक लाख लक्स असतो, त्यामुळे दोन पडद्यांच्या मधली बोटभर फटही पुरते. पडदे खिडकीच्या चौकटीपेक्षा चारही बाजूंनी वीतभर मोठे घ्यावेत, मधोमध एकमेकांवर चढवावेत आणि कडा चौकटीला चिकटपट्टीने किंवा वेल्क्रोने बसवाव्यात. दुपारी सूर्य पश्चिमेकडे कलतो, म्हणून सकाळी केलेली तपासणी उपयोगाची नाही. खेळाच्या वेळीच, दिवे घालवून, पाच मिनिटे आत बसून फटी शोधाव्यात. चित्रपटाचा पडदा मात्र पश्चिमेच्या खिडक्यांसमोर कधीही लावू नये. प्रवेशदारात दोन पडद्यांचा छोटा बोळ केला तर उशिरा येणाऱ्यांबरोबर ऊन आत येत नाही.

एक मर्यादा मात्र पाळावी. बाहेर पडण्याच्या मार्गाचे दिवे झाकू नयेत आणि त्या दारांवर असा पडदा लावू नये की अंधारात दार शोधावे लागेल.

१०. किती ल्युमेनचा प्रोजेक्टर घ्यावा?

ल्युमेन हे प्रोजेक्टर एकूण किती प्रकाश टाकतो याचे एकक; किती लागतील ते पडद्याच्या आकारावर ठरते. चित्रपटगृहांसाठी पांढऱ्या पडद्याच्या उजळपणाचे प्रचलित मानक प्रति चौरस मीटर ४८ कॅन्डेला आहे. तीन मीटर रुंद आणि १.७ मीटर उंच अशा साध्या पांढऱ्या पडद्यासाठी, खोली अंधारी असेल तर, त्या मानकाला सुमारे ७७० ल्युमेन पुरतात; चार मीटर रुंद पडद्याला सुमारे १,३५० लागतात. दिवा जुना होत जातो तसा प्रकाश घटतो आणि चित्रपटासाठी योग्य रंगांची स्थिती निवडली की आणखी घटतो, म्हणून हिशेबाच्या दुप्पट-अडीचपट क्षमता घ्यावी. जाहिरातीत ‘ल्युमेन’ एवढाच शब्द आणि संशय यावा इतका मोठा आकडा असेल, तर मापनपद्धत विचारावी. एएनएसआय किंवा आयएसओ या मानकसंस्थांच्या पद्धतीने मोजलेला आकडाच तुलनेला धरावा.

११. मागच्यांना सबटायटल्स दिसत नाहीत अशी तक्रार नेहमी येते. काय करावे?

सपाट जमिनीच्या सभागृहाचा हा हमखास दोष आहे. खुर्चीत बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून सुमारे १.२ मीटरवर असतात आणि डोक्याचा माथा डोळ्यांच्या वर आणखी दहा-बारा सेंटिमीटर असतो. म्हणून पडद्यावरील चित्राची खालची कड जमिनीपासून निदान १.३ मीटर वर हवी. येथे छताचा अडसर येतो: छत ३.२ मीटरवर असेल, तर वरची थोडी जागा सोडून चित्राला १.७ मीटर उंची उरते आणि त्या उंचीला रुंदी तीन मीटर येते. पडदा केवढा घ्यायचा हे अशा प्रकारे छत ठरवते, आपली हौस ठरवत नाही. खुर्च्या एकामागे एक न ठेवता प्रत्येक दुसरी रांग अर्ध्या खुर्चीने सरकवावी, म्हणजे दोन डोक्यांच्या मधून दिसते. पहिली रांग पडद्याच्या रुंदीइतकी तरी दूर असावी. हे सर्व करूनही अडचण राहिली तर काही प्लेअरमध्ये सबटायटल्स वर सरकवण्याची सोय असते, ती वापरावी.

१२. आवाज मोठा आहे, तरी शब्द कळत नाहीत. आणि ओठ एकीकडे, आवाज दुसरीकडे का होतो?

या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. शब्द न कळण्याचे कारण बहुधा प्रतिध्वनी असतो. उघड्या भिंती, फरशी आणि काचा असलेल्या सभागृहात टाळी वाजवून पाहावी. टाळीला शेपूट असेल तर आवाज वाढवल्याने ती शेपूटही वाढते आणि गोंधळ वाढतो. प्रकाशासाठी लावलेले जाड पडदे, जमिनीवरची सतरंजी आणि माणसांचे कपडे आवाज शोषतात. स्पीकर पडद्याच्या दोन्ही बाजूंना, बसलेल्या माणसाच्या कानांच्या थोडे वर ठेवावेत. रिकाम्या सभागृहात ठरवलेली पातळी भरलेल्या सभागृहात कमी वाटते, म्हणून पहिल्या पाच मिनिटांत मागच्या रांगेत एक स्वयंसेवक बसवावा आणि त्याने खूण करावी.

ओठ आणि आवाज यांची फारकत बहुतेक वेळा ब्लूटूथमुळे होते, कारण त्यात शंभर ते दोनशे मिलिसेकंदांचा विलंब सहज होतो. आवाज चित्राच्या सुमारे १२५ मिलिसेकंद मागे राहिला की लक्षात येऊ लागतो. पुढे गेला तर मात्र ४५ मिलिसेकंदही जाणवतात, कारण निसर्गात आवाज दृश्याच्या आधी कधी पोहोचतच नाही. उपाय साधा आहे: वायर वापरावी आणि ती जमिनीला चिकटपट्टीने पक्की करावी.

१३. पडदे लावल्यावर सभागृह कोंदट आणि गरम होते. त्यावर उपाय आहे का?

शांत बसलेला माणूस सुमारे १०० वॉट उष्णता देतो, म्हणजे साठ प्रेक्षक मिळून सहा किलोवॉट. बंद खोलीत काही हीटर लावल्यासारखेच. प्रेक्षक येण्यापूर्वी तासभर सर्व खिडक्या उघड्या ठेवून हवा बदलून घ्यावी, उन्हाच्या विरुद्ध बाजूच्या खिडक्या पडद्याआड अर्धवट उघड्या ठेवाव्यात आणि मध्यंतरात दारे उघडावीत. पंख्याच्या वाऱ्याने पडदा हलणार नाही आणि पंख्याचे पाते प्रोजेक्टरच्या झोतात येणार नाही, हेही पाहावे.

१४. चित्राच्या बाजूंना काळे पट्टे का दिसतात? पूर्ण पडदा का भरत नाही?

१९५०च्या दशकापूर्वीचे बहुतेक चित्रपट जवळजवळ चौकोनी, म्हणजे १.३७ : १ या प्रमाणाच्या चौकटीत चित्रित झाले, १९५३ नंतर रुंद चौकटी रूढ झाल्या आणि आजचे प्रोजेक्टर १६ : ९ चे असतात. जुने चित्र त्यात बसवले की बाजूंना पट्टे येतात, फार रुंद चित्र बसवले की वर-खाली येतात. पट्टे घालवण्यासाठी चित्र ताणले तर माणसे बुटकी आणि जाड दिसतात, मोठे केले तर डोकी कापली जातात. पट्टे तसेच राहू द्यावेत.

१५. आम्ही पैसे घेणार नाही, मग परवानगी कशासाठी?

सर्वांत जास्त वेळा आलेला आणि सर्वांत जास्त वेळा वाद झालेला हा प्रश्न आहे. चित्रपट लोकांसमोर दाखवण्याचा हक्क त्याच्या हक्कधारकाकडे असतो आणि बहुतेक देशांच्या कॉपीराइट कायद्यांत पहिली कसोटी असते ती खेळ सार्वजनिक आहे की नाही ही. तिकीट लावले की नाही, हा त्यानंतरचा मुद्दा आहे. ज्या खेळाला कोणीही येऊ शकते, तो सार्वजनिक.

परवाने साधारणपणे दोन प्रकारचे असतात: एका चित्रपटाच्या एका खेळाचा, किंवा ठरावीक निर्मितीसंस्थांचे अनेक चित्रपट वर्षभर दाखवता येतील असा वार्षिक. चित्रपटगृहाबाहेरील खेळांचे परवाने वितरक किंवा त्यांनी नेमलेली संस्था देते. आसनसंख्येवर शुल्क ठरत असेल तर प्रवेश मोफत असूनही ते भरावे लागते. लघुपट आणि माहितीपट यांच्या बाबतीत दिग्दर्शकाला थेट लिहिणे सोपे वाटते, परंतु हक्क निर्मात्याकडे असू शकतात, हे आधी विचारून घ्यावे. परवानगी लेखी असावी आणि तीत तारीख, स्थळ, खेळांची संख्या आणि कोणती प्रत दाखवायची हे स्पष्ट असावे. मोफत खेळाला चर्चा जोडलेली असेल तर माहितीपटकार पुष्कळदा शुल्क घेत नाहीत. पण ते त्यांनी सांगायचे असते, आपण गृहीत धरायचे नसते.

काही देशांत सार्वजनिक खेळासाठी चित्रपटाला प्रदर्शन-प्रमाणपत्र असणेही आवश्यक असते. ती स्वतंत्र अट आहे. हक्कधारकाच्या होकाराने ती पूर्ण होत नाही.

१६. चित्रपटाची अस्सल डिस्क माझ्या मालकीची आहे किंवा ओटीटीची वर्गणी भरली आहे. ते पुरेसे नाही का?

नाही. पुस्तक विकत घेतल्याने ते छापण्याचा हक्क मिळत नाही, तसेच हे आहे. डिस्क घरी पाहण्यासाठी विकलेली असते, आणि ओटीटी सेवांच्या अटींत वापर वैयक्तिक किंवा कुटुंबापुरता असल्याचे नमूद असते. अटी पाहूनच निर्णय घ्यावा, कारण काही सेवा निवडक माहितीपटांना शैक्षणिक खेळासाठी मर्यादित परवानगी देतात. परवाना मिळाल्यावर मात्र घरातली डिस्क प्रत म्हणून वापरता येते की नाही, हे परवान्यातच लिहिलेले असते.

१७. तुमच्या पत्रकावर पुष्कळदा चित्रपटाचे नावच नसते. असे का?

लपवाछपवीची हौस म्हणून नव्हे. चित्रपटगृहाबाहेरील अनेक परवान्यांत अशी अट असते की, चित्रपटाचे नाव, भित्तिपत्र किंवा कलावंतांची नावे वापरून बाहेर जाहिरात करू नये, कारण त्याने चित्रपटगृहांच्या व्यवसायाला स्पर्धा होऊ शकते. सभागृहाच्या आतल्या फलकावर किंवा सभासदांच्या यादीला नाव कळवणे त्यात चालते, म्हणून पत्रकावर ‘कौटुंबिक विनोदी चित्रपट, सुमारे दोन तास’ असे कोड्यासारखे वर्णन येते. नाव हवे असेल तर सभागृहात येऊन फलक पाहावा.

१८. जुना चित्रपट सर्वांसाठी मुक्त असतो ना? किती जुना म्हणजे जुना?

हे देशावर अवलंबून असते. कॉपीराइटविषयीच्या बर्न या आंतरराष्ट्रीय कराराने किमान मर्यादा आखून दिली आहे. प्रत्यक्ष मुदत प्रत्येक देशाचा कायदा ठरवतो. भारतात चित्रपटाचे संरक्षण प्रकाशनानंतरच्या कॅलेंडर वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षे असते, म्हणजे १९६० मध्ये प्रकाशित झालेला चित्रपट १ जानेवारी २०२१ रोजी मुक्त झाला. अमेरिकेत त्या काळातील चित्रपटांची मुदत, आवश्यक औपचारिकता पूर्ण झाल्या असतील तर, प्रकाशनापासून ९५ वर्षे आहे. तेथे १९२८चे चित्रपट १ जानेवारी २०२४ रोजी मुक्त झाले. युरोपीय संघात तर प्रमुख दिग्दर्शक, पटकथालेखक, संवादलेखक आणि चित्रपटासाठी खास रचलेल्या संगीताचा संगीतकार या चौघांपैकी शेवटच्या व्यक्तीच्या मृत्यूनंतर ७० वर्षे मोजतात. एकच चित्रपट एका देशात मुक्त आणि शेजारच्या देशात बंधनात असू शकतो. खेळ जेथे होणार त्या देशाचा नियम पाहावा. मूळ कथा किंवा संगीत यांचे हक्क चित्रपटानंतरही टिकून असू शकतात, आणि नव्या प्रतीत घातलेले संगीत व सबटायटल्स यांचे हक्क वेगळे असतात.

वय न पाहता वापरता येणारा आणखी एक मार्ग आहे: निर्मात्यांनी स्वतःहून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली, म्हणजे ठरावीक अटींवर सर्वांना वापरासाठी खुले करून, दिलेले चित्रपट. ब्लेंडर या ॲनिमेशन सॉफ्टवेअरमागच्या ब्लेंडर फाउंडेशनचे मुक्त ॲनिमेशनपट या प्रकारचे आहेत. ते सार्वजनिकरीत्या दाखवता येतात, मात्र श्रेय द्यावे लागते.

१९. दारात दानपेटी ठेवली तर खेळ मोफत राहतो का?

प्रेक्षकाच्या दृष्टीने राहतो, परवान्याच्या दृष्टीने राहीलच असे नाही. ‘प्रवेशशुल्क नाही’ या अटीवर परवाना मिळाला असेल, तर सुचवलेली रक्कम लिहिलेली पेटी, सक्तीचे खाद्यपदार्थ किंवा ‘सभासदत्व घ्या, खेळ मोफत’ अशी योजना यांकडे हक्कधारक प्रवेशशुल्क म्हणून पाहू शकतात. क्रिएटिव्ह कॉमन्समधील अव्यावसायिक अटीच्या चित्रपटांनाही ही सावधगिरी लागू आहे. पेटी ठेवायचीच असेल तर ती दारापासून दूर, रक्कम न सुचवता, सभागृहाच्या सर्वसाधारण खर्चासाठी ठेवावी आणि परवाना देणाऱ्याला तसे आधी कळवावे.

२०. फक्त सभासदांसाठी, फक्त विद्यार्थ्यांसाठी किंवा घरच्या मंडळींसाठी दाखवले तर?

घरी, कुटुंब आणि नेहमीच्या मित्रमंडळींत पाहणे हा सार्वजनिक खेळ नव्हे. पण तीच मंडळी सामुदायिक सभागृहात जमली आणि दार उघडे राहिले, की चित्र बदलते. कोणालाही दारातच सभासद करून घेणारे मंडळ बहुतेक ठिकाणी खासगी मानले जात नाही. शिक्षणासाठी अनेक कायद्यांत सवलत असते; तिची कक्षा मात्र संस्था, तेथील शिक्षक आणि विद्यार्थी, तर काही ठिकाणी पालक, एवढ्यापुरती असते. शाळेचे सभागृह भाड्याने घेतले म्हणून ती सवलत गावातील प्रेक्षकांना लागू होत नाही. तसेच हौशी मंडळींच्या मोफत नाट्यप्रयोगाला किंवा गायनाला असलेली सवलत चित्रपटालाही आहे असे समजू नये. कलमात चित्रपटाचा उल्लेख आहे का, हे वाचावे.

२१. पत्रकावर १२० मिनिटे लिहिले होते, चित्रपट ११५ मिनिटांत संपला. तुम्ही काही कापले का?

काही कापले नाही. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी, म्हणजे २४ स्थिर चित्रांनी, चित्रित होतो. काही देशांतील दूरचित्रवाणी सेकंदाला २५ चौकटींवर चाले, म्हणून तेथील डीव्हीडीसाठी चित्रपट सुमारे चार टक्के अधिक वेगाने चालवून उतरवला जाई. त्यामुळे १२० मिनिटांचा चित्रपट सुमारे ११५ मिनिटांत संपतो आणि, आवाज दुरुस्त केलेला नसेल तर, गाण्यांची पट्टीही किंचित चढते. संगीताचा कान असलेले प्रेक्षक हे आमच्या आधी ओळखतात. ब्लू-रे किंवा २४ चौकटींची डिजिटल प्रत मिळत असेल तर ती निवडावी आणि पत्रकावरची वेळ माहितीपुस्तिकेतून न घेता आपल्या प्रतीवरून घ्यावी.

२२. मूकपट दाखवून सोबत प्रत्यक्ष वाद्यवादन ठेवायचे आहे. काही अडचण?

अडचणी तीन आहेत, पण उपक्रम सुंदर होतो. पहिली वेगाची: मूकपटांना ठरलेला वेग नव्हता, बरेचसे सेकंदाला १६ ते २४ चौकटींच्या दरम्यान दाखवले जात, सरसकट २४ वर चालवले की माणसे तुरुतुरु धावतात. माणसांची चाल नैसर्गिक दिसते का हे पाहून प्रत निवडावी. दुसरी हक्कांची: चित्रपट मुक्त असला तरी प्रतीवरचा संगीतपट नवा असू शकतो, म्हणून तो बंद ठेवावा, वादकाने वाजवलेली रचना दुसऱ्या कोणाची आणि अजून कॉपीराइटच्या मुदतीतली असेल तर तिचा परवाना वेगळा घ्यावा, स्वतःची असेल तर प्रश्नच नाही. तिसरी प्रकाशाची: वादकाच्या दिव्याला आडोसा करावा आणि त्याला पडद्याच्या बाजूला, पण पडदा दिसेल असे बसवावे. मधल्या मजकुराच्या पाट्या परक्या भाषेत असतील तर एकाने त्या मोठ्याने वाचून दाखवाव्यात. वाचणाऱ्याने वादकाबरोबर एकदा तरी पूर्ण तालीम करावी, नाहीतर दोघे एकाच वेळी बोलू लागतात.